मनसराचा पल्ला

"अडतीस दिवस," वृंदा म्हणाली आणि तिनं यंत्राचा पडदा पटकन स्वतःकडे वळवला.

पण धनबीर साउदनं आकडा वाचला होता. नेपाळीत आणि मराठीत आकडे सारखेच.

"अडतीस म्हणजे पास का नापास, मॅडम?"

"यात पास-नापास नसतं, दादा."

"सगळीकडे असतं," धनबीर म्हणाला. रागानं नाही, अनुभवानं.

खुर्चीत बसलेली त्याची मुलगी कपाळावरचा ओला डाग ओढणीनं पुसत होती. मोजणीचा पट्टा लावण्याआधी तिथं थंडगार मलम लावावं लागे. तिनं बापाकडे पाहिलं नाही की वृंदाकडेही. ती बघत होती खिडकीशी टांगलेल्या झोळीकडे. झोळीत वृंदाची आठ महिन्यांची ओवी झोपली होती आणि झोपेतच ओठ हलवून दूध पीत होती.

धनबीर दहा वर्षं वाघणसड्यावरच्या हापूसच्या बागांत राखणीला येत होता. दिवाळी झाली की यायचं, बागेतल्या झोपडीत राहायचं, मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी भरेपर्यंत वानरांवर आणि माणसांवर नजर ठेवायची, आणि पावसाच्या आत नेपाळात, डोटीच्या डोंगरात परतायचं. २०४१च्या दिवाळीला मात्र तो एकटा आला नव्हता. गावाकडचा झरा आटला होता, म्हणून बायकोला आणि पंधरा वर्षांच्या मनसराला घेऊनच आला. मनसराचं नाव सड्यावरच्या शाळेत दहावीत घातलं गेलं. शाळेत नाव आलं की नियमही आला. नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाचा पल्ला नव्वद दिवसांत तीनदा मोजायचा, तिसरा आकडा कायमचा धरायचा. मोजायचं काम वृंदा घवाळीचं. शाळेच्या कागदोपत्री ती 'वाट-मार्गदर्शक' होती.

पल्ल्याची गोष्ट सुरू झाली होती एका साध्या निरीक्षणापासून. माणूस स्वतःचा विचार करतो तेव्हा कपाळामागचा मेंदूचा एक भाग जागा होतो. परक्या कुणाचा विचार करतो तेव्हा तोच भाग शांत राहतो. शास्त्रज्ञांनी लोकांना सांगितलं, उद्याचे तुम्ही डोळ्यांसमोर आणा. भाग जागा. पुढच्या वर्षीचे तुम्ही? जागा, पण जरा मंद. दहा वर्षांनंतरचे? बहुतेकांचा मेंदू गप्प, जणू रस्त्यानं जाणाऱ्या कुणाबद्दल विचारलंय. म्हणजे प्रत्येकाच्या पुढे कुठेतरी असा एक दिवस असतो, ज्याच्या पलीकडे तो स्वतःच स्वतःला परका होतो. त्या दिवसापर्यंतचं अंतर म्हणजे पल्ला. पुढे प्रकाशाच्या किरणांनी मेंदूतलं रक्त मोजणारा पट्टा निघाला आणि पल्ला दिवसांत सांगता येऊ लागला.

मग कुणीतरी शाळा सोडलेल्या मुलांचे पल्ले काढून पाहिले. हिशेब लख्ख होता. ज्यांचं शिक्षण त्यांच्या पल्ल्याच्या पुढे जात होतं, तीच मुलं मध्येच गळत होती. परक्या माणसासाठी कोण रोज सकाळी उठून गणितं सोडवील?

यावर दोन उपाय होते. एक, मुलांचा पल्ला वाढवायचा. त्याला माणसं लागतात, वर्षं लागतात. दुसरा, शिक्षण कापून पल्ल्यात बसवायचं. त्याला कात्री पुरते. सरकारच्या 'वाटचाल' योजनेनं कात्री घेतली. ज्याचा पल्ला सहा वर्षांच्या वर त्याला लांबची वाट, म्हणजे कॉलेज. वर्षा-दोन वर्षांचा पल्ला असेल तर पदविका. आणि साठ दिवसांच्या आत असेल तर मासिक वाट. दर महिन्याला एक छोटा तुकडा शिकायचा, दर महिन्याला एक प्रमाणपत्र. फवारणीचं यंत्र, फळांची प्रतवारी, पेटी बांधणी. महिना संपतो, शिक्षण पूर्ण होतं, नवा महिना, नवा तुकडा. असं एकविसाव्या वर्षापर्यंत. यात गळायला जागाच नव्हती. शाळेच्या फाटकावर चार वर्षांपासून निळी पाटी होती, 'शून्य गळती शाळा'.

आणि बाहेरून आलेल्या मुलांचे पल्ले बहुधा छोटेच निघत. दर सहा महिन्यांनी ज्यांचं घर उठतं, त्यांनी किती लांबचं बघावं?

पण मनसराचे अडतीस दिवस वृंदाच्या गळ्याखाली उतरत नव्हते.

कारण त्याच आठवड्यात ती ओवीला कडेवर घेऊन जेटीवर गेली होती, तेव्हा मनसरा तिथं पायरीवर वही घेऊन बसलेली दिसली.

"काय गं, एकटीच?"

"पाणी बघते, मॅडम." डोंगरातल्या पोरीनं समुद्र महिन्यापूर्वी पहिल्यांदा पाहिला होता. मराठी मात्र तिनं भराभर उचललं होतं. "हे रोज उशिरा येतं. पन्नास मिनिटं. कधी थोडं कमी, कधी जास्त. मी लिहून ठेवलंय."

वृंदानं वही बघितली. भरती कुठल्या पायरीला लागली, किती वाजता, एकोणतीस दिवस. शाळेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"उशीर कुणामुळे होतो, माहितीये?"

"चंद्रामुळे. पण तळ कसा आहे त्यामुळेपण, नाही का? पलीकडच्या खाडीत वेगळी वेळ आहे." मनसरानं पेन्सिल कानामागे खोचली. "मॅडम, समुद्र मोजायची नोकरी असते?"

"असते की. बोटीतून फिरायचं, तळाचे नकाशे काढायचे. अकरावी-बारावी सायन्स, मग पुढे पाच वर्षं. सात धर."

मनसराचे डोळे क्षणभर लकाकले आणि लगेच तिनं ते पायाकडे वळवले. "ओवी तुमची बांगडी खातेय," ती म्हणाली. विषय संपला.

दुसऱ्या मोजणीत आकडा आला एकतीस.

"उतरतोय," मुख्याध्यापक गवाणकर सर म्हणाले. ते वाईट नव्हते. डब्यातली घावनं नेहमी अर्धी वृंदाला देत, बाळंतीण आहेस म्हणत. "वृंदा, तुझा जीव गुंतलाय त्या पोरीत, कळतं मला. पण सात वर्षांच्या वाटेवर ढकललीस आणि सहा महिन्यांत शाळा सोडून बसली, तर? पाप कुणाला?"

"सर, ती भरतीचं गणित स्वतःहून मांडते."

"हुशार नाही असं कोण म्हणतंय? यंत्र हुशारी मोजतच नाही. टिकणार किती ते मोजतं. आणि मासिक वाट म्हणजे काय तुरुंग आहे? दर महिन्याला पेढे वाटेल तिचा बाप."

झोळीत ओवी कुरकुरायला लागली आणि वृंदाचा ब्लाउज दुधानं भिजला. उत्तर नसलं की हल्ली अंगच बोले.

रविवारी दुपारी ती परसात उभी होती. सासूबाईंनी मांडवावर दुधी चढवला होता. एक कोवळा, बोटभर लांबीचा दुधी पानाआडून लोंबत होता. वृंदानं ओवीला उचलून बोट केलं, "ते बघ! कोण आलंय?"

"बोट नको दाखवूस गो!" सासूबाई विहिरीकडून ओरडल्या. "कुजेल तो. चाव ते बोट आधी."

"काहीतरीच काय, आई."

"काहीतरीच तर काहीतरीच. दाखवायचंच तर वाकडं बोट करून दाखव. कोवळ्या जिवाकडे सरळ दाखवतात होय?"

वृंदा हसली. बोट चावलं, मग आकडीसारखं वाकडं करून ओवीला दुधी दाखवला. आणि ते वाकडं बोट हवेतच राहिलं.

दर सोमवारी मुलांना पट्टा लावण्याआधी मार्गदर्शकानं तो स्वतःला लावून तपासायचा असे. मार्गदर्शकाचा पल्ला निदान वर्षाचा हवा, नाहीतर तो मोजायला नालायक. ओवी व्हायच्या आधी वृंदाचा पल्ला नऊ वर्षं येई. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिल्या सोमवारी आला अकरा दिवस. ती घाबरली, पट्टा पुन्हा लावला, आणि या वेळी मुद्दाम जुनं स्वप्न डोळ्यांसमोर आणलं. पुण्यातली प्रयोगशाळा, दारावर स्वतःचं नाव, मोठ्या काचा. ते स्वप्न आता तिला नकोही होतं. पण त्यातला स्वतःचा चेहरा ओळखीचा होता, पट्टा फसला. नऊ वर्षं. तेव्हापासून चार महिने दर सोमवारी ती तेच शिळं स्वप्न पट्ट्याला खाऊ घालत होती.

अकरा दिवस का, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता कळलं. ओवीचा पहिला वाढदिवस मनात आला की ती विचार तोडत असे. ओवीचं दप्तर, ओवीचे लांब केस, ओवी आपल्याएवढी उंच; प्रत्येक वेळी आतून कुणीतरी म्हणे, नको, दृष्ट लागेल. तिला पुढचं दिसत नव्हतं असं नाही. ती सरळ बघतच नव्हती.

ती तशीच ओवीला घेऊन बागेत गेली. मनसराची आई झोपडीपुढे तांदूळ निवडत होती. तिला मराठी येत नव्हतं, मनसरा मध्ये बसून सांगत होती.

"आईला विचार, तुमच्याकडे कोवळ्या फळाला बोट दाखवतात?"

प्रश्न पोचताच त्या बाईनं स्वतःची बोटं मुठीत घेतली आणि भराभर बोलली.

"आमा म्हणते, भोपळ्याला नाही, आंब्याला नाही. पोटातल्या बाळाला तर नाहीच. म्हणते, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला हे कसं माहीत?"

"आणि स्वतःला?" वृंदानं हळूच विचारलं. "तू स्वतःला दाखवतेस?"

मनसरानं हे भाषांतर केलं नाही. सुपातला एक खडा उचलून लांब फेकला.

"तुम्ही म्हणता, पाच वर्षांनंतरची मनसरा बघ. मी मान फिरवते. आतल्या आत."

"मग काय बघतेस?"

"भांडी. काल घासलेली."

दोघी हसल्या. न समजताही मनसराची आई हसली. वृंदाला वाटलं, सापडलं! सगळं कोडं सुटलं, आता फक्त सासूबाईंचा उपाय करायचा.

"ऐक. सरळ बघूच नकोस. वाकडं बोट करतात ना, तसं बघ. चेहरा बघायचा नाही. ती पाठमोरी उभी आहे, लांब, बोटीवर. एवढंच. पाठमोऱ्या माणसाला दृष्ट कशी लागेल?"

मनसरानं विचार केला. आईला विचारलं. आईनं वृंदाकडे पाहून मान हलवली, चालेल. पंधरा दिवस मनसरानं सराव केला. शाळा सुटल्यावर ती मोजणीच्या खोलीत येई, ओवीला मांडीवर घेई, डोळे मिटून बसे, आणि उघडल्यावर म्हणे, "आज बोट निळी होती," नाहीतर, "आज तिनं दोर सोडला पाण्यात, खूप खोल." असं बोलताना ती पोर अशी फुलून यायची, की वृंदा दुसरीकडे बघायची. तिच्याकडेही सरळ बघवत नसे.

तिसरी मोजणी जानेवारीच्या शेवटी झाली. पट्टा लागला. वृंदानं ठरलेली वाक्यं म्हटली. मनसराचा चेहरा शांत होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

पडद्यावर आकडा उमटला. शून्य. खाली ओळ आली, 'वाट : मासिक. कायम.'

"किती आलं, मॅडम? मी खूप लांबचं बघितलं. पूर्ण वेळ बघितलं. बोटीवर अजून माणसं होती, ती त्यांना काहीतरी सांगत होती."

पाठमोरी बाई, चेहरा नसलेली, लांबची. मेंदूला ती कोण वाटणार? परकी. कालची भांडी निदान मनसराची होती, त्यात अडतीस दिवस तरी होते. वृंदानं तिला पंधरा दिवस शिकवून, घोटवून, परकं व्हायला लावलं होतं.

"मॅडम?"

"माझं चुकलं गं," वृंदा म्हणाली.

फेब्रुवारीत मनसराला पहिलं प्रमाणपत्र मिळालं, 'फवारणी यंत्राची ओळख'. धनबीरनं खरंच पेढे वाटले. मनसरा रोज शाळेत येत होती, वेळेवर, केस चापून बसवलेले, हजेरी शंभर टक्के. शून्य गळती. जेटीवर ती दिसेनाशी झाली. वृंदानं एकदा थांबवून विचारलं तर म्हणाली, "या महिन्यात प्रतवारी आहे, मॅडम. आंब्याचा रंग ओळखायचा." आणि पुढे, अगदी सभ्यपणे, "ओवीला दात आले का?"

तो सभ्यपणा वृंदाला सोसला नाही. ती तडक गवाणकर सरांच्या खोलीत गेली.

"सर, मार्गदर्शक नालायक ठरला तर त्यानं घेतलेल्या मोजण्या रद्द होतात ना?"

"नियम आहे तसा. का?"

"माझा सोमवारचा आकडा खोटा आहे. पाच महिने झाले. खरा अकरा दिवस."

सरांनी चष्मा काढला. "हे तू मला सांगितलंच नाहीस असं समजतो मी."

"लिहूनच आणलंय."

"वेडी आहेस का? सव्वीस मुलं मोजलीस तू या काळात. सव्वीसच्या सव्वीस पुन्हा? वरून माणूस येईल, चौकशी होईल. फाटकावरची पाटी काढायला लावतील. मला दोन वर्षं राहिलीत गं." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुझं काय करतील, विचार केलायस? तुलाही मोजतील. अकरा दिवस आले तर तुलाही महिन्या-महिन्यानं नेमतील. पदरात पोर आहे तुझ्या."

"पोर आहे म्हणूनच, सर."

सरांनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला, आणि सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उठलं.

मार्चमधल्या एका सोमवारी जिल्ह्याहून दुसरी मार्गदर्शक आली. तरुण, चटपटीत, बोलायला गोड. मोजणीच्या खोलीचं दार तिनं आतून लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर मुलं, पालक, आणि त्यांच्यातच वृंदा, ओवीला मांडीवर घेऊन. यादीत मनसराच्या नावाखाली वृंदाचं नाव होतं.

"या वेळी काय करू?" आत जाण्याआधी मनसरानं विचारलं होतं.

"मी काही सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं, त्याचं काय झालं बघितलंस."

"सरळ बघू?"

"तुझं तू ठरव."

"आमा रागवेल."

"हो. रागवेल."

मनसरा आत गेली. धनबीर बाकावर पुढे सरकून बसला, गुडघ्यांवर हात. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुम्ही तुमच्या बच्चीचं बघता? पुढचं? सरळ?"

वृंदानं खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही, दादा."

"मग माझ्या पोरीला का बघायला लावता?"

यात राग असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. वृंदा ओवीच्या मानेवरची बारीक लव बघत राहिली. समोर वर्गात कुणीतरी पाढे म्हणत होतं. दार उघडेना.

उघडलं तेव्हा नवी मार्गदर्शक हातातल्या पाटीकडे बघत बाहेर आली. "सात वर्षं, दोन महिने. लांबची वाट," ती म्हणाली. "यादीत तर शून्य होतं. असं कधी होत नाही."

धनबीर उठला, पण हसला नाही. मुलगी बाहेर आली तसा त्यानं पंजा पसरून तिच्या डोक्यावर धरला, अंगाला न लावता, ऊन लागू नये तसा.

मनसरानं कपाळावरचं मलम पुसलंच नव्हतं.

"बघितलंस?" वृंदानं विचारलं.

"सगळं. तोंड, दात, सगळं. चष्मा लागला होता मला." आणि तिला रडू कोसळलं.

"अगं, मग रडतेस कशाला? मिळालं ना!"

"आधी गेलं असतं तर कळलंच नसतं, मॅडम. बघितलंच नव्हतं. आता गेलं तर मला माहीत असणार." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "सात वर्षं रोज भ्यायचं आता."

नव्या मार्गदर्शकेनं यादीवर खूण केली आणि वर पाहिलं.

"घवाळी मॅडम, तुम्ही. बाळ बाहेर ठेवावं लागेल."

ओवीनं आईचा पदर घट्ट धरला होता. वृंदा एकेक बोट सोडवत होती, एक सोडवलं की दुसरं अडके. मनसरा पुढे झाली, ओलं तोंड तसंच, आणि तिनं हात पसरले.

"द्या इकडे. मी धरते. तुम्ही जा, बघून या."

खोली तीच, खुर्ची तीच, पण वृंदा कधी या बाजूनं बसली नव्हती. सोमवारी ती उभ्यानंच पट्टा लावी. मलम कपाळाला इतकं गार लागतं हे तिनं कुठल्याही मुलाला सांगितलं नव्हतं. पट्टा आवळला गेला. दार लागलं. बाहेर ओवीनं भोकाड पसरलं.

"आरामात बसा. डोळे मिटा," गोड आवाज म्हणाला. "आता पाच वर्षांनंतरच्या तुम्ही."

पुण्यातल्या मोठ्या काचा आपोआप समोर आल्या. रोजच्या सवयीनं, सोयीच्या, चकचकीत. वृंदानं त्या बाजूला सारल्या. मग काही वेळ नुसता काळोख, त्यात दाराबाहेरचं रडणं, आणि आतून तेच, नको, नको, नको.

काळोखात कुणीतरी आलं. सहा वर्षांची एक मुलगी, पुढचा दात पडलेला, एक चप्पल पायात आणि एक हातात. दप्तराचा पट्टा खांद्यावरून घसरलेला. ती वृंदाच्या अगदी समोर येऊन थांबली आणि तिनं तोंड वर केलं.

"आई," ती वैतागून म्हणाली, "चल ना, किती वेळ?"